बिननावाचं वादळ

पनवेल,
९ नोव्हेंबर १९५८

प्रिय एझ्रा,

माझी प्रकृती उत्तम आहे. तुझ्या आईला तसं सांग, म्हणजे पुढच्या पत्रात तू तो विषय काढणार नाहीस आणि मला कामाचं बोलता येईल. आणि उत्तर मराठीत लिही. मागचं पत्र तू इंग्रजीत लिहिलंस. माझं इंग्रजी कॉन्व्हेंटमधल्या नन्सनी पट्टी मारून पक्कं केलेलं आहे, तेव्हा ते मला कळत नाही अशातला भाग नाही. पण कचेरीचं इंग्रजी लिहायला लागला की माणूस भित्रा होतो, आणि भित्र्या भाच्याचा मला आत्ता उपयोग नाही.

काम असं आहे. बेलपाड्याच्या खाली, खाडीला लागून जी खार आहे, म्हणजे खाडी अडवून केलेली भातजमीन, तिथला बांध कोजागिरीच्या उधाणाला फुटला. भर दुपारी. वारा सकाळपासून सुटला होता, त्यात भरती चढली आणि हौसाच्या शेतापुढे बांधाला भगदाड पडलं. कापायला आलेलं भात खाऱ्या पाण्याखाली गेलं. एकट्या हौसाचं नव्हे, सगळ्या खारीचं.

हौसा तुला आठवणार नाही. तुझ्या बापानं बिऱ्हाड पुण्याला हलवलं तेव्हा तू धड चालतही नव्हतास. ती दर आठवड्याला खाडीची मासळी घेऊन माझ्याकडे येते. आपल्या धर्मात चालते ती खवल्यांची तेवढी माझ्या दारात काढते, बाकीच्या टोपलीवरचं फडकंसुद्धा हलवत नाही. नवरा मिठागरात काम करता करता वारला. मूलबाळ नाही. शेताचा एक पट्टा आणि बांधाखालचं घर, एवढंच तिचं या जगात आहे.

त्यांची एक रीत आहे. खारीतल्या प्रत्येक घराला बांधाचा एक तुकडा नेमून दिलेला, पिढ्यान्‌पिढ्या तोच. आपल्या तुकड्याला आपण चिखल घालायचा, दुसऱ्यानं हात लावायचा नाही. आणि ज्याच्या तुकड्याला बांध फुटेल, त्याचं नाव त्या वादळाला. काशिराम म्हणून तिथला पाटील आहे, म्हातारा. त्यानं मला सगळी नावं सांगितली. त्याच्या आजाच्या वेळी धोंडीचं वादळ. लढाईच्या आधी साळूचं. आणि गेल्या काही वर्षांत? अनंताचं, बाळ्याचं, महादेवाचं, पुन्हा बाळ्याचं, आणि आता हौसाचं. विहिरीवर बायका तिच्या तोंडावर म्हणतात, "हौसाच्या वादलानं आमचं भात नेलं." जणू तिनंच ते समुद्रातून दोरी लावून ओढून आणलं!

तेव्हा वादळं वाढताहेत आणि त्यांचा जोरही वाढतो आहे, हे उघड आहे. जिल्ह्याच्या कचेरीला मी तसा अर्ज लिहिला आणि घराघरातून अंगठे घेतले: वादळं दिवसेंदिवस वाढत असून बांध पक्का करून द्यावा. तू हवामानाच्या कचेरीत वादळांचे नकाशेच काढतोस. तुझ्या साहेबांच्या सहीचा एक कागद पाठव: होय, वाढताहेत. दोन ओळी पुरेत.

तुझी,
सिपोरा आत्या


पुणे,
१८ नोव्हेंबर १९५८

प्रिय आत्या,

शालोम. आईनं प्रकृती विचारली आहे, पण मी विचारत नाही.

तू मागतेस तो कागद मला पाठवता येणार नाही. रागावण्याआधी पुढचं वाच.

आमच्याकडे गेल्या शतकाच्या अखेरीपासूनचे वादळांचे नकाशे आहेत. वरवर पाहिलं तर तुझंच म्हणणं खरं वाटतं: जुन्या वर्षांत रेघा थोड्या, अलीकडे जास्त. पण आत्या, समुद्रात आमचा माणूस बसलेला नसतो. वादळ कळतं ते तिथून जाणाऱ्या बोटीनं कळवलं तर. पूर्वी बोटींवर बिनतारी यंत्रं नव्हती. बोट बंदराला लागली की कप्तान सांगणार. वाटेत बोटच भेटली नाही, तर ते वादळ समुद्रात जन्मलं आणि समुद्रातच मेलं, आमच्या नकाशावर त्याची रेघ नाही. लढाईच्या वर्षांत तर शत्रूला ठावठिकाणा लागू नये म्हणून बोटींनी बोलणंच बंद केलं. त्या वर्षांचे नकाशे पाहिलेस तर वाटेल, अरबी समुद्राएवढा शांत समुद्र नाही. लढाई संपली, बोटी बोलायला लागल्या, की लगेच वादळं "वाढली".

जोराचं तर विचारूच नकोस. शहाणा कप्तान वादळाच्या पोटात शिरत नाही, कडेनं पळतो. मग पोटातला वारा मोजायचा कुणी?

म्हणून वाढताहेत असं मी म्हणू शकत नाही. वाढत नाहीत असंही म्हणू शकत नाही.

आणखी एक. कोजागिरीच्या दिवशीचा आमचा नकाशा मी काढून पाहिला. वादळ असं नव्हतंच. लांब समुद्रात कमी दाबाचा एक पट्टा होता, तो वायव्येला निघून गेला. मुंबईला वारा जरा जोराचा होता, एवढंच. त्या वाऱ्यानं बांध फुटावा याचं मला नवल वाटतं.

तुझा,
एझ्रा


पनवेल,
२३ नोव्हेंबर १९५८

एझ्रा,

तुझं पत्र शुक्रवारी शब्बाथचे दिवे लागल्यावर हातात पडलं. शनिवारी मी लिहीत नाही, म्हणून राग एक दिवस मुरला आहे. तो आता मुरांब्यासारखा झाला आहे, फक्त गोड नाही.

वादळ नव्हतंच! हौसाचं भात लोंबीतच कुजलं, घराच्या ओट्यावर चिखल बसला, आणि तुझा नकाशा म्हणतो वारा जरा जोराचा होता. उभा जन्म मी मुंबईत बाळंतपणाच्या इस्पितळात मेट्रन होते. बाई कळांनी ओरडत असताना थर्मामीटर झटकून "काही नाही, सगळं ठीक आहे" म्हणणारे तरुण डॉक्टर मी पुष्कळ पाहिले आहेत. त्यांना मी खोलीबाहेर उभं करीत असे. तू पुण्याला आहेस म्हणून वाचलास.

हेही नाही आणि तेही नाही! मग तुम्हाला पगार कसला देतात? माणसं सांगताहेत, पाणी सांगतंय, नावं सांगताहेत. तुला बोट सांगेल तेव्हाच खरं.

तुझा कागद नको. अर्ज गेला आहे. त्यात मी लिहिलेलं वाक्य पुरेसं जोरदार आहे.

सिपोरा आत्या


पुणे,
३ फेब्रुवारी १९५९

प्रिय आत्या,

हे पत्र वाचून जाळून टाक.

तुझ्या अर्जाचं काय झालं ते तुला अजून कळलं नसणार. मला कळलं, कारण तो अर्ज फिरत फिरत माझ्याच टेबलावर आला. बांधबंदिस्तीच्या इंजिनिअरांनी त्याच्यावर टिपण लिहिलं आहे. थोडक्यात असं: ज्या अर्थी लोक स्वतःच सांगतात की वादळं आणि त्यांचा जोर वाढतो आहे, त्या अर्थी हा बांध पुन्हा पुन्हा फुटणार. त्यावर खर्च करणं फुकट. बाहेरचा बांध सोडून द्यावा, खार समुद्राला जाऊ द्यावी आणि घरं उठवून विचुंब्याच्या माळावर जागा द्यावी. टिपणाबरोबर खारीचा नकाशा आहे. त्यावर खाडीच्या वळणाला लाल फुली मारून "प्रथम सोडणे" असं लिहिलं आहे. भगदाड पडलं ती हौसाची जागा हीच असावी.

शेवटी आमच्या कचेरीचं मत मागवलं आहे: वादळं वाढताहेत हे खरं काय?

उत्तराचा मसुदा माझ्याकडेच आहे. मी लिहिलं, "उपलब्ध नोंदींवरून निश्चित निष्कर्ष काढता येत नाही." वाक्य खरं आहे. पण ते वाचून इंजिनिअर काय करतील हेही मला दिसतं. आम्ही नाही म्हटलं नाही, म्हणजे लोकांचं म्हणणं उभं राहतं.

अर्जदार बाई माझी आत्या आहे हे मी कुणाला सांगितलेलं नाही. एप्रिलमध्ये माझ्या बढतीचा विचार व्हायचा आहे. तू समजून घेशील.

एझ्रा


पनवेल,
११ फेब्रुवारी १९५९

एझ्रा,

पत्र जाळलं नाही. मी सरकारी कागद जाळत नाही आणि भाच्यांची पत्रंही जाळत नाही. आजवर त्यांत जाळण्यासारखं काही नसे.

त्या इंजिनिअराबद्दल मला काय वाटतं ते लिहायला मदर सुपीरियरनी शब्द शिकवले नाहीत. रोगी दुखतंय म्हणाला, तर औषध द्यायचं सोडून याला घरातून हाकला म्हणणारा हा पहिलाच वैद्य. आणि माझ्या वाक्याच्या आधारानं! माझ्या!

सोमवारी भरती साधून होडीनं खारीत गेले. हौसाला सांगितलं. ती भगदाड बुजवत होती, कमरेपर्यंत चिखलात. वर न बघताच म्हणाली, "माळावर जाऊन काय करू बाय? तिथं खाडी नाय, मिठागर नाय. मी काय शेरडू हाय माळावर चरायला?" मग वर बघितलं. "कागुद तुमीच लिवला ना?"

"मीच लिहिला."

"मंग तुमीच पुसा."

एवढं बोलून तिनं पुढचं घमेलं उचललं.

मी तशीच काशिरामाच्या ओट्यावर गेले. म्हटलं, मला नावं पुन्हा सांगा, पहिल्यापासून. धोंडीचं, साळूचं, मग अनंताचं... मी थांबवलं. "अठ्ठेचाळीसच्या नोव्हेंबरातलं वादळ कुणाचं?" त्या दिवशी मी मुंबईत होते. वॉर्डाचे पत्रे उडाले, झाडं रस्त्यात आडवी झाली, नवजात मुलं आम्ही जिन्याखाली नेऊन ठेवली. तेवढं मोठं वादळ मी आयुष्यात पाहिलं नाही. काशिराम गोंधळला. म्हणाला, "ते व्हय! ते लय मोटं व्हतं. माजं कौल ऱ्हायलं नाय. पन त्याला नाव नाय."

"का नाही?"

"बांद कुटं फुटला? अष्टमीची भरती, पान्यात दम नव्हता. नि तवा बांद कसा व्हता बाय! वरून गाडी जाईल असा. त्या साली घरटी चार-चार गडी व्हते. आता पोरं गिरणीत नि कारखान्यात. बायका घालतात चिखल, जमंल तेवरा."

एझ्रा, नीट ऐक. सगळ्यांत मोठं वादळ यादीतच नाही. तुझ्या नकाशात जे वादळसुद्धा नव्हतं, ते यादीत आहे. ही वादळांची यादी नव्हेच. ही बांध फुटल्याची यादी आहे! पाटलापासून पोरापर्यंत सगळे ती पाठ म्हणतात आणि मी मुंबईत शिकलेली मेट्रन, तिला वादळांची यादी समजून अर्जात घातली. सुखरूप झालेलं बाळंतपण गल्लीत कुणी सांगत बसत नाही. अडलेलं तेवढं वर्षानुवर्षं बोलतात. पन्नास बायकांकडून ऐकून एखादीला वाटेल, हल्ली सगळीच बाळंतपणं अडतात. हे मला कळायला हवं होतं. तुझ्या बोटींचंही तेच, हे आता कळलं. पण तू ते असं लिहिलंस की मला झोप आली.

दुसरी गोष्ट त्याहून वाईट. हौसाचा तुकडा खाडीच्या वळणावर, पाण्याचा सगळा मार तिथे. एकटी बाई. मी काशिरामाला म्हटलं, तुम्ही सगळे मिळून तिच्या तुकड्याला हात का लावत नाही? तो दचकला. "बाय, कसं लावनार? दुसऱ्याच्या तुकऱ्याला चिखल घातला म्हंजे त्या घरात मानूस ऱ्हायलं नाय असं झालं. मेलेल्या घराचा बांद गाव घालतं." म्हणजे आदर म्हणून तिला एकटीला मरू देतात आणि मग वादळाला तिचं नाव देतात.

आता तुझं काम. "निश्चित निष्कर्ष काढता येत नाही" हे वाक्य खोडून काढ. ते खरं आहे हे मला मान्य, पण खरं आणि पुरेसं यांत फरक असतो. मला सांग, अठ्ठेचाळीससारखी वादळं आधी येत होती की नाही? पुढे येणार की नाही? मग तेवढं तरी लिही ना! आणि साहेबांना सांग की अर्जदार तुझी आत्या आहे. बढतीसाठी आत्या लपवणारा माणूस आपल्या घरात आजवर झाला नाही.

सिपोरा आत्या


पुणे,
२ मार्च १९५९

प्रिय आत्या,

आठवडाभर मी मसुदा लिहीत होतो आणि फाडत होतो. आज साहेबांच्या खोलीत गेलो, आधी सांगितलं की अर्जदार बाई माझ्या वडिलांची बहीण आहे, मग कागद पुढे ठेवला. साहेबांनी चष्मा काढला. मला वाटलं, संपलं. ते म्हणाले, "अर्ज मी वाचलाय. मराठी फार चांगलं आहे. त्या इथे नोकरीला येतील का?"

मजकूर असा गेला आहे. नोंदी साऱ्या काळात सारख्या नाहीत, म्हणून वादळं वाढली किंवा घटली असं त्यांवरून म्हणता येत नाही. गावातली नावं बांध फुटल्याची आहेत, वाऱ्याची नव्हेत. कोजागिरीला त्या भागात मोठं वादळ नव्हतं. मात्र अठ्ठेचाळीससारखी वादळं या किनाऱ्यावर क्वचित का होईना, येतात, आणि पुढेही येतील हे धरूनच चालावं. पुढची उधाणाच्या भरतीला येणार नाहीत याची हमी नाही. खार सोडून देण्याला नोंदींत काहीही आधार नाही. बांध बळकट करण्याला मात्र पुरेसा आहे.

शेवटच्या वाक्यात मी "भरपूर" लिहिलं होतं. साहेबांनी ते खोडून "पुरेसा" केलं. बाकी शब्दाला धक्का नाही.

एक गोष्ट तुला स्पष्ट लिहितो, नाहीतर तू विजयानं फुगशील. वादळं वाढत नाहीत, असं मी म्हटलेलं नाही. कदाचित वाढत असतीलही. ते कळायला अजून पुष्कळ वर्षं, पुष्कळ बोटी आणि प्रामाणिक माणसं लागतील. पण ते कळेपर्यंत बांध थांबू शकत नाही, एवढं तुझ्यामुळे माझ्या डोक्यात शिरलं.

एझ्रा


पनवेल,
१२ एप्रिल १९५९

प्रिय एझ्रा,

फुगले. आता पुढचं ऐक.

वल्हांडणाच्या सणाची सफाई अर्धी टाकून गुरुवारी खारीत गेले, कारण इंजिनिअर पाहणीला येणार होते. आले. माणूस वाईट नाही. बूट वाईट होते, पहिल्याच पावलाला चिखलात राहिले. अनवाणी इंजिनिअरशी बोलणं सोपं जातं.

ते म्हणाले, "बाई, तुम्हीच तर लिहिलं होतं वादळं वाढली म्हणून. आणि आता उलट?"

"लिहिलं होतं. चुकीचं होतं. निदान बदललं तर तुम्ही रोग्याला घराबाहेर काढता का?"

"पण लोक म्हणतात—"

"लोक बांधाबद्दल बोलत होते. तुम्ही आणि मी आभाळाकडे बघत बसलो."

त्यांनी काशिरामाला अठ्ठेचाळीसचं विचारलं, वळणावर जाऊन बांधाची जाडी पाहिली, हौसानं बुजवलेल्या भगदाडावर उभे राहिले. अनवाणी टाचेनं माती दाबून पाहिली. मग निकाल दिला: वळणावर दगडाची बाजू आणि पाणी सोडायची नवी उघाडी सरकार देईल. मातीकाम गावानं करायचं. पावसाळ्याआधी सगळा बांध एका उंचीचा झाला पाहिजे. एक तुकडा जरी खाली राहिला तरी दगड मिळणार नाही आणि माळाचा कागद पुन्हा वर येईल.

सगळे हसले, काशिरामानं पागोटं काढलं. मग सगळ्यांची तोंडं एकदम उतरली, कारण सगळ्यांनी हौसाकडे बघितलं. तिच्या तुकड्याला माणसाच्या कमरेएवढी भर हवी. एकटीच्यानं दोन उन्हाळ्यांतही व्हायची नाही.

कमळाकर म्हणून काशिरामाचा पुतण्या आहे, तो म्हणाला, "हौसाकाकी, आमी येतो की हात लावायला."

ती अशी उसळली! "मी मेल्ये का? माज्या घरात दिवा लागतो ना रोज? माज्या तुकऱ्याला हात लावशील तर खाडीत ढकलीन."

मी तिला समजावलं. बाई गं, अडलेल्या बाईला दुसरीचा हात लागतोच, त्यात लाज कसली. ती म्हणाली, "बाय, तुमी हात लावून घरी जाता. मना हितं ऱ्हावाचं हाय."

रीत मोडा असं काशिरामाला सांगितलं. तो म्हणतो, मी मोडली तर माझ्या मागं कुणी यायचं नाही. तीन दिवस झाले, कुणी घमेलं उचललेलं नाही. तुझा पुरेसा आधार आता एका बाईच्या मानापुढे येऊन थांबला आहे.

सिपोरा आत्या


पुणे,
२१ एप्रिल १९५९

प्रिय आत्या,

बढती झाली. तुझ्यामुळे थांबली नाही हे आधी कळवतो.

हौसाबाईंचं वाचून मी दोन दिवस अस्वस्थ आहे. नकाशात बांध एक रेघ असते. तिचे तुकडे, त्यांची नावं, त्यांचा मान, यातलं काही त्यावर दिसत नाही. मला काही सुचत नाही. मे महिन्यात रजा घेऊन येतो. चिखल उचलता येईल तेवढा उचलीन. माझ्या नावाचा तुकडा तिथे नाही, तेव्हा माझ्या हाताचा कुणाला अपमान वाटू नये.

सणाच्या शुभेच्छा.

एझ्रा


पनवेल,
१० जून १९५९

प्रिय एझ्रा,

तू परत गेल्यावर तुझ्या हातांचे फोड बरे झाले का? हळद लावली होती ना? कारकुनाचे हात ते. तरी पहिल्या दिवशीपेक्षा शेवटच्या दिवशी घमेलं बरं धरायला लागला होतास.

पण तू आलास तेव्हा काम सुरू झालेलं होतं, त्यामुळे तू मुख्य गोष्ट पाहिलीच नाहीस, आणि चहाला बसून मी सांगायला लागले की तू झोपी जायचास. आता लिहून ठेवते.

सणानंतर मी गेले, तर सगळे आपापल्या तुकड्यावर मुकाट उभे. काशिरामाच्या तुकड्यावर काशिराम, त्याची सून आणि कमळाकर. वळणावरून हौसा आली, डोक्यावर चिखलानं भरलेलं घमेलं. मला वाटलं, माझ्याशी भांडायला आली. ती मला ओलांडून गेली, थेट काशिरामाच्या तुकड्यावर चढली आणि घमेलं तिथे उपडं केलं.

पाटलाच्या घराला मेलेलं घर ठरवलं होतं तिनं, सगळ्यांदेखत.

काशिरामाचं तोंड लालभडक. "हौसे! मी जिता हाय!"

"मना काय ठावं? तीन आठवरे उबा हायस, हात हालत नाय. मना वाटलं गेलास."

गोदूबाई, म्हणजे काशिरामाची सून, फिसकन हसली. त्यानं तिच्याकडे पाहिलं, हौसाकडे पाहिलं. मग खाली वाकून स्वतःचं घमेलं भरलं, शिव्या देत देत वळणापर्यंत गेला आणि हौसाच्या तुकड्यावर ओतलं. "घे! तू पन मेलीस!"

"मेल्ये तर मेल्ये. आजून आन."

त्यानंतर काय झालं ते मला वर्णन करता येत नाही. बाळ्यानं महादेवाच्या तुकड्यावर घातला, महादेवाच्या बायकोनं अनंताच्या. जो तो दुसऱ्याला मारत सुटला. इतक्या शिव्या मी प्रसूतीच्या वॉर्डातसुद्धा ऐकल्या नाहीत. दुपारपर्यंत खारीत एक घर जिवंत उरलं नव्हतं आणि बांध टीचभर वर आला होता. मीही एक घमेलं टाकलं. कुणाच्या तुकड्यावर ते सांगत नाही, पण त्यानं मला वर्षभर शिळी मासळी विकली होती.

तू आलास, दगड आले, उघाडी बसली, ते तुला माहीत आहे. परवा अमावास्येचं उधाण होतं आणि नैर्ऋत्येचा वाराही चांगला सुटला होता. मी छत्री घेऊन गेले. छत्री पहिल्याच झोतात उलटली, ती आता हौसाच्या कोंबड्यांवर आहे. पाणी वळणावर चढलं, दगडावर आपटलं, बांधाच्या माथ्याखाली वीतभर राहिलं, थोडा वेळ विचार केल्यासारखं थांबलं आणि उतरलं. शेतातलं मीठ धुऊन जायला दोन-तीन पावसाळे लागतील म्हणतात. हौसानं पेरणी केली आहेच. मी म्हटलं, यंदा उगवायचं नाही. ती म्हणाली, "नाय उगवलं तर जमिनीला सवय ऱ्हाईल."

माळाचा कागद रद्द झाल्याचं पत्र इंजिनिअरांकडून आलं. खाली त्यांनी हातानं लिहिलं आहे, बुटांचा शोध लागल्यास कळवावे.

तू मात्र नकाशे काढत राहा. वादळं वाढताहेत की नाहीत हे मला कळणार नाही, तुलाही कदाचित नाही. पण विचारणारं कुणीतरी येईल, आणि त्याला माझ्यासारखी यादी घेऊन बसायची वेळ येऊ नये. बोटी बोलत नसतील त्या वर्षी "बोटी बोलल्या नाहीत" असं लिहून ठेव. कोरं सोडू नकोस.

पाणी उतरल्यावर काशिराम बांधावरून हळूहळू चालत होता. चार पावलं पुढे, दोन मागे, काठीनं टोचत. मी विचारलं, "काय हरवलं?"

"बाय, माजा तुकरा कुटं सपतो, तेच कलंना."

खालून, गुडघाभर पाण्यातून, हौसा ओरडली, "सगल्या बांदावर घाल चिखल, मंग कशाला शोधायला लागतंय!"

तुझी,
सिपोरा आत्या